अप्रीतीचे भाषांतर

'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे शिकवायला घेतले की पहिले दोन तास वर्गात कोणी हसत नाही. व्याजस्तुती, व्याजोक्ती, वक्रोक्ती ही नावे फळ्यावर लिहिली जातात, मुले ती वहीत उतरवून घेतात, आणि स्तुतीच्या वेषात आलेली निंदा त्यांना खरोखरीची स्तुतीच वाटत राहते. तिसऱ्या तासाला कुठेतरी मागच्या बाकावर एखादा फिस्सकन हसतो. त्याला कळलेले असते. मग तो शेजाऱ्याला कोपराने ढोसतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळा वर्ग शंभर वर्षांपूर्वीच्या एका संपादकाच्या कटात सामील होतो. अध्यापनाच्या धंद्यात असे क्षण थोडे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात आहोत. एकाकडे गद्याचा पेपर, दुसरीकडे भाषाविज्ञान आणि भाषांतर. पण 'काळ' आला की आम्ही एकमेकांच्या वर्गात जाऊन बसतो, ते या क्षणासाठी.

काही वर्षांपूर्वी त्या मागच्या बाकावरून हसू येण्याऐवजी एक प्रश्न आला. विषय परांजप्यांवरून टिळकांच्या १९०८च्या खटल्याकडे वळला होता. आरोप दोन अग्रलेखांवर होता आणि निकाल ज्युरीने दिला, असे सांगून आम्ही पुढे निघालो होतो. मुलाने विचारले, "सर, लेख मराठीत होते. ज्युरीला मराठी येत होते का?"

नव्हते येत. मुंबईच्या उच्च न्यायालयात १३ जुलै १९०८ला सुरू झालेल्या त्या खटल्यात ज्युरीचे नऊ सभासद होते. सात युरोपियन, दोन पारशी. मराठी ही ज्यांच्या विचाराची भाषा होती असा त्यांत एकही नव्हता. अशा खास ज्युरीला टिळकांच्या बाजूने आधीच हरकत घेण्यात आली होती आणि ती फेटाळली गेली होती. म्हणजे ज्या मजकुरासाठी माणसाला शिक्षा व्हायची, तो मजकूर शिक्षा ठरवणाऱ्यांनी वाचलाच नव्हता. त्यांच्यापुढे होते ते सरकारी भाषांतर. आम्ही दोघांनी हा खटला विद्यार्थी म्हणून वाचला, शिक्षक म्हणून शिकवला, त्यावर एकाने चर्चासत्रात निबंधही वाचला. पण एवढा साधा प्रश्न मध्यवर्ती मानून त्याकडे आम्ही कधी पाहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक आहेच. ३० एप्रिल १९०८ला मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बॉम्बने किंग्जफर्डऐवजी केनेडी मायलेकी बळी पडल्या. १२ मेच्या 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख आला, आणि ९ जूनच्या अंकात 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. हा दुसरा लेख आला त्याच्या आदल्याच दिवशी स्फोटक द्रव्यांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे सरकारने घाईने संमत केले होते. 'उपाय' म्हणजे तेच. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. ते तेव्हा मुंबईत आले होते ते परांजप्यांच्याच खटल्याच्या निमित्ताने. जामीन नाकारणारे न्यायमूर्ती दावर हे अकरा वर्षांपूर्वी, १८९७च्या खटल्यात, टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील या नात्याने उभे राहिले होते. कादंबरीकाराने असा योग घातला तर आम्ही समीक्षक त्याला कृत्रिम म्हणू. इतिहासाला अशी टीका सोसावी लागत नाही.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि ते सुमारे २१ तास बोलले. त्या भाषणाचे तेज, त्यातील स्वाभिमान, शेवटी ज्युरीच्या निकालानंतर काढलेले आणि आज उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेले उद्गार, हे सारे शाळेपासून आपल्या कानांवर आहे. पण त्या २१ तासांतला मोठा भाग कशात गेला, हे सहसा सांगितले जात नाही. तो गेला शब्दार्थांत. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली ती एखाद्या कसलेल्या परीक्षकाने तोंडी परीक्षा घ्यावी तशी. या शब्दाला इंग्रजीत हाच प्रतिशब्द का, तो का नाही, कोशात काय आहे, रूढी काय आहे. त्यांचा मुद्दा आजच्या भाषांतरमीमांसेच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावील असा होता. राजकीय विचारांची मराठी परिभाषा अजून घडते आहे. इंग्रजी कल्पना मराठीत आणताना आम्ही संस्कृतातून शब्द उचलतो, जुन्याला नवा अर्थ देतो. आणि सरकार तेच शब्द कोशातल्या जुन्या, उग्र अर्थाने परत इंग्रजीत नेते. जाताना सौम्य असलेला शब्द येताना भडक होऊन येतो, आणि शिक्षा मात्र मूळ लेखकाला.

भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही एक खेळ घेतो. मराठीत माणसाने माणसाला ठार मारण्याच्या कृतीला किती नावे आहेत ते मुलांना लिहायला सांगायचे. खून, हत्या, वध, घात, बळी. मग विचारायचे: अफझलखानाचा काय झाला? सगळा वर्ग एका आवाजात सांगतो, वध. कीचकाचा? वध. आणि गल्लीतल्या भांडणात? खून. शरीर तेच, शस्त्र तेच, मृत्यू तोच. बदलते ते फक्त वाक्य उच्चारणाऱ्याचे स्थान. आता हा 'वध' इंग्रजीत न्यायचा. एक प्रतिशब्द घेतला तर लेखक इतिहासकार ठरतो, दुसरा घेतला तर चिथावणीखोर. १८९७च्या खटल्यात मुळात आरोप होता तो शिवराज्याभिषेकोत्सवातील व्याख्यानांच्या वृत्तांतावर आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेल्या एका कवितेवर. १५ जूनच्या 'केसरी'त ते छापले गेले, २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि या दोन तारखांच्या मधला आठवडा हाच सरकारच्या दृष्टीने कार्यकारणभाव झाला.

त्या पहिल्या खटल्यात ज्युरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली. दोषी म्हणणारे सहाही युरोपियन, निर्दोष म्हणणारे तिघेही हिंदी. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. परंतु त्या निकालाचे महत्त्व आमच्या मते शिक्षेत नाही, एका व्याख्येत आहे. भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातलेले कलम १२४ अ 'डिसअफेक्शन' उत्पन्न करणाऱ्याला शिक्षा सांगत होते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावून सांगितले की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. त्यात द्वेष, वैर, नावड, तुच्छता, सरकारविषयीचा कसलाही वाईट भाव आला. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कायदा दुरुस्त करून द्वेष आणि तुच्छता हे शब्द कलमातच घालण्यात आले. मराठीत या शब्दासाठी आपण 'अप्रीती' हा शब्द योजला. शब्द नेमका आहे. इतका नेमका, की साहित्यशास्त्र शिकवणाऱ्याला तो वाचून हसू यावे. भरतापासून आपल्याकडे भावांची यादी आहे. रती आहे, क्रोध आहे, जुगुप्सा आहे. पण एखादा भाव हृदयात नसणे हा अपराध, ही कल्पना आपल्या कोणा शास्त्रकाराला सुचली नाही. राजावर प्रीती नसणे याला विभाव कोणते, अनुभाव कोणते, आणि ती साधारणीकरणाने रसिकाच्या ठायी संक्रांत होते की नाही, याचा निर्णय नऊ व्यापारी माणसे दुभाष्याच्या मदतीने करीत होती.

१९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींवर याच कलमाखाली खटला झाला तेव्हा त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही, असे सांगून त्यांनी अप्रीतीचा गुन्हा सरळ कबूल केला. भाषांतराचा वादच मिटवून टाकला म्हणा ना. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन त्यांनाही सहाच वर्षे दिली.

टिळकांच्या सहा वर्षांचे गणित मात्र पाहण्यासारखे आहे. १२४ अ खाली दोन आरोप, प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकापुढे एक. आणि १५३ अ खाली एक हजार रुपये दंड. सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीने दोषी ठरवल्यावर २२ जुलैच्या रात्री ही शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण व्हायची होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला, आणि हे शिक्षेचे भाषांतर आम्हांला सगळ्यांत अचूक वाटते.

पुढचे मंडाले सर्वांना माहीत आहे, कारण तिथे 'गीतारहस्य' लिहिले गेले. आपली एक खोड आहे. तुरुंगातून ग्रंथ बाहेर आला की आपण तुरुंगाला जवळजवळ धन्यवाद देतो. १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला तो ग्रंथ. शाई मिळत नव्हती, आणि वह्यांची पाने मोजून दिली जात. सुटकेच्या वेळी हस्तलिखित सरकारने ठेवून घेतले, ते नंतर परत मिळाले. ते परत मिळालेच नसते तर? १९१२ साली सत्यभामाबाई वारल्या आणि ही बातमी त्यांना मंडालेच्या कोठडीत कळली, हे 'गीतारहस्या'च्या निर्मितिप्रक्रियेवरच्या प्रश्नाला उत्तर लिहिताना विद्यार्थी गाळतात. आम्हीही गुण देताना त्याची वाट पाहत नाही.

परंतु मोठ्या माणसाच्या मोठ्या शिक्षेने डोळे दिपतात आणि शासन रोजच्या रोज जे करते ते दिसत नाही. परांजप्यांना जुलै १९०८ मध्येच १९ महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांच्या बाबतीत भाषांतराची अडचण आणखी खोल होती. शब्दाचे भाषांतर चुकेल किंवा बरोबर येईल, पण उपरोधाचे काय करायचे? व्याजस्तुतीचे शब्दशः भाषांतर केले तर हाती स्तुती येते आणि आरोपी सुटतो. शिक्षा द्यायची तर आधी लेखाचा खरा अर्थ सरकारी पक्षाने उलगडून सांगितला पाहिजे, म्हणजे सरकारविरुद्धची निंदा सरकारच्याच वकिलाने भर न्यायालयात, स्पष्ट शब्दांत, वाच्यार्थाने उच्चारली पाहिजे. आनंदवर्धनाला व्यंग्यार्थाची सत्ता सिद्ध करायला ग्रंथ लिहावा लागला. इंग्रज सरकारने ती एका खटल्यात मान्य केली. हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. आम्हीही आजवर ते विनोद म्हणूनच सांगत आलो.

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चेही तेच. १९०७ साली रंगभूमीवर आलेले नाटक १९१० साली बंद करण्यात आले, १८७६च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने. कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकाला पहिल्या रात्री कळले. सरकारला कळायला तीन वर्षे लागली. बाबाराव सावरकरांना तर १९०९ साली कवितांच्या एका छोट्या पुस्तकासाठी जन्मठेप झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीच वारले, तरी 'आमच्या देशाची स्थिती' हा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी सरकारजमा झाला. मेलेल्या निबंधकाराच्या ठायी अप्रीती शिल्लक राहते, असा याचा अर्थ. आणि १९१०च्या प्रेस अ‍ॅक्टने तर लेखकाला बाजूला ठेवून छापखानेवाल्यालाच धरले. पाचशे ते दोन हजार रुपये जामीन आधी ठेवा, मजकूर आक्षेपार्ह निघाला तर जामीन जप्त. लेखकाला शिक्षा केली तर तो हुतात्मा होण्याचा धोका असतो. छापखान्याच्या मालकाला फक्त कर्ज होते. तेव्हापासून पुढे लेख सरकारकडे जाण्याआधी तो छापखान्यातच वाचला जाऊ लागला, आणि पुष्कळसे तिथेच थांबू लागले.

इथे आम्हांला आमच्या कपाटातल्या एका लेखाविषयी सांगणे भाग आहे. तो सांगायचा म्हणूनच हा निबंध दोघांनी मिळून लिहायला घेतला, कारण जे केले ते दोघांनी मिळून केले.

ज्युरीला मराठी येत होते का, असे विचारणारा मुलगा तालुक्यापासून अठरा किलोमीटरवरच्या एका वाडीतला. २०१६च्या पावसाळ्यात त्या मार्गावरची संध्याकाळची एसटी बंद झाली. शेवटचा तास संपल्यावर मुलांना, विशेषतः मुलींना, घरी पोचायला रात्र होऊ लागली. निवेदने झाली. मग एके दिवशी पन्नास-साठ मुले आगारावर आणि तिथून तहसील कचेरीवर गेली. घोषणा दिल्या, अर्धा तास रस्त्यावर बसली, उठली. दगड उचलला गेला नाही, काच फुटली नाही. परंतु जिल्ह्यात त्या वेळी मनाई आदेश लागू होता. असा आदेश कुठल्या ना कुठल्या सणाच्या किंवा निवडणुकीच्या निमित्ताने बहुधा लागूच असतो, हे आम्हांलाही तेव्हाच कळले. अकरा मुलांवर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ आणि १३५ खाली गुन्हा नोंदवला गेला. त्यांत तो होता. आठ दिवसांनी एसटी सुरू झाली. गुन्हा राहिला.

त्या वर्षी वार्षिकांकाचे संपादन आमच्याकडे होते. दिवाळीनंतर त्याने एक लेख आणून दिला. शीर्षक होते 'कृतज्ञतापत्र'. वाडीतल्या समस्त विद्यार्थ्यांच्या वतीने त्याने आगाराचे, कचेरीचे आणि ठाण्याचे आभार मानले होते. चालण्याने आमच्या प्रकृती सुधारल्या, अंधारामुळे नक्षत्रांची ओळख झाली, आणि ज्यांची नावे गावातल्या रेशनकार्डावरही धड नव्हती ती आता सरकारी दप्तरात शुद्ध अक्षरांत नोंदली गेली, वगैरे. कुठेही शिवी नाही, कोणाचे नाव नाही. वाचताना आम्ही दोघे मोठ्याने हसलो. आपण शिकवलेले कोणीतरी इतके पूर्ण शिकले, याचा आनंद दुसऱ्या कशालाही नाही. आम्ही लाल शाईने त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासले, एका ठिकाणी पाल्हाळ कमी करायला सांगितले, आणि लेख अनुक्रमणिकेत तिसऱ्या क्रमांकावर घातला.

मग आम्हांला प्राचार्यांकडून बोलावणे आले. ते रागावले नव्हते. ते कधीच रागावत नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "लेख उत्तम आहे. पण अंक सगळीकडे जातो. उपरोध सगळ्यांनाच कळतो असे नाही." थोडे थांबून म्हणाले, "आणि ज्यांना कळतो, त्यांना कळला तरी अडचणच." कोणीही काहीही सांगितले नव्हते. कुठून फोन आला नव्हता, पत्र आले नव्हते. त्या वर्षी संस्थेचा एक प्रस्ताव जिल्ह्याला मंजुरीसाठी गेलेला होता, एवढेच. लेख काढा, असे वाक्य त्या खोलीत कोणीच उच्चारले नाही. बाहेर येता येता आमच्यापैकी एक जण म्हणाला, मुलाच्या दृष्टीनेही हे बरेच आहे, गुन्हा प्रलंबित असताना कशाला आणखी. दुसरीने मान डोलावली. आज आठवताना हेच बोचते, की आमचे कारण खोटे नव्हते. तो पोलीस भरतीची तयारी करीत होता. पहाटे चारला उठून धावत होता. भरतीत चारित्र्य पडताळणी असते आणि तीत प्रलंबित गुन्हा दिसतो. काळजी खरी होती. ती आम्हांला इतकी सोयीची कशी पडली, एवढाच प्रश्न.

त्याला सांगितले तेव्हा तो वाद घालील अशी आमची अपेक्षा होती, उत्तरेही तयार होती. तो म्हणाला, "बरं मॅडम. त्याच्या जागी काय देऊ?" आम्ही 'माझा आवडता ऋतू' असे काही सुचवले नाही, पण सुचवले ते फारसे निराळे नव्हते. त्याने दिलेही. निर्दोष होते. अंकात सत्तावीस क्रमांकावर आहे.

१९१०च्या छापखानेवाल्याचे निदान दोन हजार रुपये अडकलेले असत.

कायद्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर १२४ अ राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच, अशी सीमा घातली. नुसती अप्रीती पुरेशी नाही. स्ट्रॅचींची व्याख्या अशा रीतीने पासष्ट वर्षांनी मागे घेतली गेली. तरी १९७३च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला. विनावॉरंट अटक करण्याची जी मुभा इंग्रजांनी पोलिसांना दिली नव्हती, ती आपण दिली. आणीबाणीत तर कलमाचीही गरज नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून अटक झाली. पुस्तकांतून उठवून नेलेली ती बाई आम्हांला नेहमी त्या सभामंडपातल्या बाईहून अधिक दिसते. ११ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ स्थगित ठेवण्याचा आदेश दिला, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर ते कलम नावापुरतेही उरले नाही. राजद्रोह हा शब्द गेला. त्याच्या जवळपास कलम १५२ आले. त्यात सार्वभौमत्व, एकता, अखंडता हे शब्द आहेत आणि शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. जुन्या कलमात जन्मठेपेखालची पायरी तीन वर्षांची होती. अप्रीती हा शब्द त्यात नाही. आपल्या परिभाषेतून तो आता बहुधा मावळेल, आणि कोशकारांना त्याच्यापुढे 'अप्रचलित' अशी खूण करावी लागेल.

पण भाषांतराचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. २०१२ साली एका व्यंगचित्रकारावर मुंबईत राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला होता. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१५च्या निकालानुसार पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना काढायचे ठरले. मूळ सूचना इंग्रजीत होत्या आणि कलमाचा गैरवापर टळावा हा त्यांचा हेतू. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाचे मराठी परिपत्रक निघाले, त्यातून मात्र लोकप्रतिनिधींवरची टीका हाही राजद्रोह होऊ शकेल असा अर्थ निघू लागला. भाषांतर सदोष आहे असा आक्षेप घेतला गेला, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबरमध्ये ते परिपत्रक मागे घेत असल्याचे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. १९०८ साली मराठीतून इंग्रजीत जाताना शब्द भडकला होता. १०७ वर्षांनी तो इंग्रजीतून मराठीत येताना भडकला. दोन्ही वेळा भाषांतर सरकारीच होते. भाषांतराच्या पेपरात हे परिपत्रक उतारा म्हणून लावावे असे आमच्यातल्या एकीने अभ्यासमंडळाला सुचवले होते. मंडळाने विचार करतो म्हटले. प्राध्यापकांच्या मंडळाला विचार करायला किती वेळ लागतो हे वाचक जाणतात.

गेल्या जूनमध्ये तो मुलगा महाविद्यालयात आला. मुलगा म्हणायचे एवढेच. कानांपाशी केस पांढरे झाले आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत हवी होती. भरतीची वयोमर्यादा उलटून गेली. तो दुधाचा टेम्पो चालवतो. खटल्याचे काय, असे विचारल्यावर म्हणाला, तारखा पडतात. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावे, अशा अटी असतात. त्याच्या प्रकरणात तर काहीच झाले नव्हते, त्यामुळे ते सहज बसायला हवे. प्रस्ताव समितीपुढे आहे असे त्याला दोनदा सांगण्यात आले. अकरांपैकी दोघे पुण्याला गेले, एक सैन्यात जायला निघाला होता तो गेला नाही. कोणालाही एक दिवसाचीही शिक्षा झालेली नाही. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. वर्गात एखादी माहिती द्यावी तसे सांगत होता.

आम्ही कपाट उघडले. लेख होता. ताव पिवळे पडले होते, लाल शाई तेवढी तशीच होती. त्याने उभ्याउभ्या तो वाचला, मधे एकदा हसला, नक्षत्रांच्या जागी असावे. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "सर, इथे तुम्ही दीर्घ केलाय तो नव्हे. ऱ्हस्वच बरोबर होता." आम्ही पाहिले. त्याचेच बरोबर होते.

लेख बरोबर घेऊन जा, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडेच. यंदाचा अंक कोण काढतंय?"

आम्हीच, असे आम्ही सांगितले.

"मग यंदा घालता येईल का? आता काय, एसटी चालू आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि विचारून सांगतो म्हणालो.